माने बाईंचं लोखंड

गेल्या आठवड्यात पुण्याहून सुनेचा फोन आला. नात तेरा वर्षांची आहे. शाळेतून आली की सोसायटीच्या जिममध्ये जाते आणि डंबेल उचलते. सून म्हणाली, "आई, तुम्ही तरी तिला समजावून सांगा. या वयात वजनं उचलली की उंची खुंटते म्हणतात."

मी फोन कानापासून जरा लांब धरला. हसू येत होतं, आणि हसण्यापेक्षा चीड जास्त येत होती. कारण हेच वाक्य, याच सुरात, चेहऱ्यावर हेच शहाणपण आणून मी एकदा माने बाईंना ऐकवलं होतं. तेव्हा मी चाळिशीत होते. म्हणजे एवढ्या वर्षांत गाड्या बदलल्या, फोन बदलले, माझे गुडघे जाऊन परत आले, आणि हे वाक्य होतं तिथंच बसलंय! सुनेला म्हटलं, "नीट शिकवणारं कुणी असलं म्हणजे काही खुंटत नाही." तर ती म्हणते, "तुम्हाला काय माहीत?"

मग काय, बसले लिहायला.

इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या अलीकडे, एका संस्थेच्या हायस्कुलात मी शिवण शिकवायचे. नव्वदीची वर्षं. खळ घातलेल्या कडक सुती साड्या नेसायचे आणि डॉक्टराच्या गळ्यात नळी असते तशी गळ्यात टेप घालून व्हरांड्यातून चालायचे. शाळा आपल्यामुळे चालते असं मला मनापासून वाटायचं. प्रत्यक्षात मुलींना काज करायला शिकवत होते आणि ती काजंसुद्धा वाकडी यायची.

अशात एका दुपारी उसाची ट्रॉली शाळेच्या फाटकात येऊन थांबली. वर एक बुटकी बाई उभी. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, साडी घोट्याच्या वर, कमरेला शिट्टी खोचलेली. ट्रॉलीतून तिनं आधी एक लांबलचक लोखंडी दांडा खाली सोडला, मग एकेक करून गोल जड चकत्या. ट्रॅक्टरवाला मदतीला पुढं झाला तर त्याला म्हणाली, "सरक. पायावर पडंल."

या आमच्या नव्या पी.टी.च्या बाई, वत्सला माने. माहेर-सासर दोन्ही कन्हेरीचं, बदली होऊन आलेल्या. बारामतीतल्या एका व्यायामशाळेत नवी मशिनं आली होती आणि जुनं लोखंड भंगारात निघालं होतं. "भंगारवाल्याच्या आधी मी पोचले," असं त्या आम्हाला सांगायच्या, जणू काही लग्नाचा मुहूर्त गाठला. त्या चकत्या कुठल्या तरी जुन्या भट्टीत ओतलेल्या, दोन सारख्या वजनाच्या नव्हत्याच. दांड्याच्या एका बाजूला नेहमी जरा जास्त भरायचं.

हेडसर बाहेर आले. "बाई, ही पहार कशाला? झाडं लावायचीत का?"

"पोरींसाठी हाय."

"मुलांसाठी म्हणायचंय तुम्हाला."

"मुलांना तालीम हाय, मारुतीचा पार हाय, आख्खं गाव हाय. पोरींसाठी म्हणले मी."

माने बाई शांत असल्या की पुस्तकी बोलायच्या आणि चिडल्या की कन्हेरीचं. आम्हाला बहुतेक कन्हेरीचंच ऐकायला मिळालं.

हेडसर माणूस वाईट नव्हता, फक्त आबांना घाबरायचा. आबा म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, मोठे बागायतदार. हेडसरांनी सायकली ठेवायची खोली रिकामी करून दिली आणि म्हणाले, "पुढच्या दिवाळीपर्यंत वापरा. पण काहीतरी दिसलं पाहिजे हं बाई. आबा विचारणार, खोली अडवून केलंत काय."

त्या खोलीवर माने बाईंचा जो जीव जडला, तसा मी बायकांचा स्वतःच्या स्वयंपाकघरावरसुद्धा पाहिला नाही. त्यांनी स्वतः सारवली, भिंतीला चुना दिला. पत्रा गळायचा तिथं खाली डबा ठेवला. आणि दारावर खडूनं लिहिलं, "मुलींची खोली." त्या बदलीच्या नोकरीत त्यांना दुसरं काही नको होतं. पगारवाढ नको, बढती नको. ती खोली मुलींची राहायला हवी होती, बस.

आता त्यांच्या सवयी सांगते, म्हणजे माणूस कळेल.

त्या खुर्चीत कधी धपकन बसायच्या नाहीत. हळूहळू खाली जायच्या आणि टेकायच्या आधी क्षणभर तशाच अधांतरी थांबायच्या. समोरच्याला वाटायचं, खुर्चीत खिळा आहे की काय. स्टाफरूममध्ये कुणी "आता वय झालं" म्हटलं की त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहायची. "कुणाला झालं? तुमाला झालं? मग उठून दाखवा हात न टेकता!" गणिताचे सर एकदा उठायला गेले आणि टेबलावरची शाई सांडून बसले. खिशात, म्हणजे कमरेच्या पिशवीत, भिजवलेले शेंगदाणे. वर्गातल्या निम्म्या मुली माळकऱ्यांच्या घरातल्या, अंडं चालायचं नाही. म्हणून बाई प्रत्येकीला मूठभर शेंगदाणे, मटकी, दूध यांवरून टोचायच्या. "अंग काय हवेतनं भरतंय व्हय?"

आणि सगळ्यात वैताग आणणारी सवय म्हणजे त्यांना गोड बोलता यायचं नाही. अजिबात नाही. बरोबर गोष्ट त्या अशा पद्धतीनं सांगायच्या की समोरचा हट्टानं चुकीच्या बाजूला जाऊन बसायचा. मला कितीदा वाटायचं, या बाईच्या तोंडावर दोन टाके घालावेत. सुई-दोरा माझ्याकडे होताच.

शाळा सुटल्यावर पाचवी ते सातवीच्या दहाएक मुली खोलीत जमायच्या. मला वाटलं, आता लोखंड वाजणार. पहिले काही महिने नुसता बांबू! बांबूची काठी खांद्यावर घेऊन बसा, उठा. पाठ सरळ, टाचा खाली. मुली कंटाळल्या.

"बाई, लोखंड कधी?" हे विचारणारी पारू. निरवांगीची. आजोबांच्या काळात घरी मेंढरं होती, आता शेती. सातवीतली पोर, अंगानं शिडशिडीत, वेण्या तेलानं चप्प.

"तुझी पाठ सरळ ऱ्हायली की."

"सरळच हाय की."

"मला हितनं वाकडी दिसतीया. तुला मागं डोळं हाईत का?"

मग नुसता दांडा आला, मग लहान चकत्या. चकत्या सारख्या नसल्यामुळे त्यांनी एक रीत बसवली होती. मुलगी आधी दाराकडे तोंड करून उचलायची आणि अर्ध्यात बाई ओरडायच्या, "फिर!" की ती वळसा घालून दांड्याच्या पलीकडे जायची आणि भिंतीकडे तोंड करून उचलायची, म्हणजे जड बाजू दुसऱ्या हाताला यायची. हात थरथरायला लागले की थांबवायच्या. कुणी घाई केली की, "घाई ऊसतोडीला ठेव. हितं हळू." आणि ठेवताना आवाज झालेला त्यांना चालायचा नाही. उचलणं निम्मं काम, ठेवणं निम्मं.

मी दारात उभी राहून हे सगळं बघायचे आणि एक दिवस माझं ते सुप्रसिद्ध वाक्य बोलून गेले. "माने बाई, कोवळ्या वयात असं केलं की उंची खुंटते हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पारूकडे बघितलं. मग पारूच्या स्कर्टकडे. "सुमनताई, हिच्या स्कर्टची दुमड कुणी सोडली?"

"मीच सोडली. आखूड झाला होता."

"आणि त्याच्या आधी?"

"तेव्हाही मीच."

"मग आखूड काय झालं, कापड का पोरगी?"

मी टेप सावरत निघून आले. एका वर्षात त्याच पोरीची दुमड दोनदा सोडून देणारी बाई उंची खुंटते म्हणून सांगत होती, आणि तिला शाळेत शिक्षिका म्हणून पगार मिळत होता!

माझी टेप या गोष्टीत शिरली ती अशी. हेडसरांना 'काहीतरी दिसायला' हवं होतं. त्यांच्या मते दिसायचं म्हणजे दंड. कॅलेंडरावरच्या हनुमानासारखे. माने बाई दर महिन्याला मला बोलवायच्या आणि मी मुलींचे दंड मोजायचे. दंड होते तेवढेच. पुढच्या महिन्यात परत तेवढेच. मी टेप सैल धरून पाहिली, बाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

आणि तिकडं त्याच काडीसारख्या दंडांनी मुली चकत्यांवर चकत्या चढवत होत्या. जी पोर बांबू घेऊन कोलमडायची ती दांडा डोक्यावर नेऊन स्थिर उभी राहत होती. डोळ्यांना दिसत होतं, फक्त टेपवर येत नव्हतं.

"असं कसं हो?" मी विचारलं.

बाई त्या दिवशी शांत होत्या, त्यामुळे उत्तर पुस्तकी मिळालं. "मुलं वयात येईपर्यंत मांस फारसं वाढत नाही, सुमनताई. ताकद वाढते. आहे तेच मांस शरीर वापरायला शिकतं, डोक्याचा निरोप हाताला नीट पोचायला लागतो. पुढं वयात आल्यावर अंगात जे बदल होतात त्यानं मांस धरतं. मुलग्यांना जास्त, मुलींना बेताचं. हे सगळं ट्रेनिंगला शिकवलेलं आहे." मग जरा थांबून, "पण हे त्या हेडसरला कोण सांगणार? त्याला फुगा पाहिजे."

पण तेवढ्यावर भागत नव्हतं. दुसऱ्या बाजूला आया होत्या. त्यांना बरोबर उलटं पाहिजे होतं. पारूची आई एकदा शाळेत येऊन दारातच उभी राहिली. "बाई, पोरगी दोडक्यावानी ऱ्हायली तरी चालंल, पर दंड गडीमाणसावानी झालं तर तिला करनार कोण? आन् म्हनत्यात जड उचललं की पोटातली पिशवी सरकती."

"ती डोक्यावर वैरणीचा भारा आणती का न्हाय?"

"आणती की."

"तवा पिशवी कुठं ठिवती? गोठ्यात?"

आता सांगा. ही काय बोलायची पद्धत झाली? पारूची आई तशीच मागं फिरली आणि वाटेत भेटेल त्या बाईला सांगत गेली. मी नुसती चडफडले. हेडसरांना दंड वाढलेले पाहिजेत, आयांना न वाढलेले, माने बाईंना दोघांशी भांडायचंय, आणि टेप एकच, ती माझ्या गळ्यात.

त्याच सुमारास माझे गुडघे कुरकुरत होते. शिवणयंत्रावरून उठताना मी टेबल धरायचे, मग कपाट धरायचे, मग देवाचं नाव घ्यायचे. माने बाईंनी हे पाहिलं आणि माझी काही सुटका राहिली नाही. रोज मधल्या सुट्टीत खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. मग दोन हातांत दोन विटा. मग एक दिवस दार लावून घेऊन मला दांड्याजवळ उभं केलं.

"अहो, मी चाळिशीतली बाई!"

"म्हणूनच. तुमचं मांस आता आपण होऊन चाललंय कमी. त्याला थांबवायचं तर त्याच्याकडून काम घ्यावं लागंल. उचला."

मी उचलला. पदर दातात धरून. पहिल्या दिवशी डोळ्यांपुढं काजवे. पण सहा-सात महिन्यांत मी बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत यायला लागले आणि जिना चढताना कठडा आहे हे विसरायला लागले. आणि एका सकाळी फळ्यावर लिहायला हात वर केला तर काखेजवळ टर्रकन आवाज झाला. अख्खा वर्ग खिदळला. शिवणाच्या बाईंची बाही शिवणीवर उसवली होती! स्वतःच्या मापाचा ब्लाउज, स्वतः शिवलेला. घरी येऊन टेप लावली. दंड वाढला होता. मुलींचा नाही, माझा. मी गुपचूप सगळ्या ब्लाउजांच्या बाह्यांतली माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, सोडली आणि कुणाला कळणार नाही अशी मनाची समजूत घातली. माने बाईंना दुसऱ्या दिवशी कळलं. त्या पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळं हसल्या. "बगा! मोठ्या माणसाचं दिसतं, लहानाचं दिसत न्हाय. तुमी पुरावा हाय माझा."

हा पुरावा पुढं किती महाग पडणार होता!

दिवाळी झाली. आबा खोली बघायला येणार असं ठरलं. माने बाई म्हणाल्या, त्याच दिवशी आयांनाही बोलावते, सगळ्यांचा एकदाच निकाल लावते.

मी हात जोडले. "बाई, आबांना एक दिवस बोलवा, आयांना दुसऱ्या दिवशी बोलवा. आबांना एक दाखवा, आयांना एक सांगा."

"का? खरं काय दोन दिवस दोन असतंय का?"

"नसतं. पण ऐकणारे दोन असतात."

ऐकतील तर माने बाई कसल्या!

सगळे आले. आबा खुर्चीवर, हेडसर त्यांच्या मागं उभे, आया भिंतीला टेकून डोक्यावरून पदर घेतलेल्या. मी शिवलेले सैल पायजमे घालून मुली ओळीत. पारू पुढं आली. श्वास घेतला, दांडा उचलला, खांद्याशी आणला, डोक्यावर नेला. मग तिनं तो खाली ठेवला, आवाज न करता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ते टेपच्या टोकानं पुसलं, इतकी मी गोंधळले होते.

आबा म्हणाले, "झ्याक! पोरी, दंड दाव बगू."

पारूनं दंड दाखवला.

"हे तर वैरणीचं कांडं हाय. मग बाई, एवढ्या दिसात लोखंडानं केलं काय?"

"तुमी आत्ता बघितलं न्हाय का? ताकद आली."

"आवो, ताकद आली म्हंजी दिसाय नको? माझ्या बैलाला पेंड चालू केली तर वशिंड भरल्यालं दिसतंय."

"बैल मोठा हाय, आबा. वासराला घाला आणि वशिंड दाखवा मला!"

आबा हसले. खरंच हसले. तिथं गप्प बसली असती ही बाई तर खोली मिळाली होती हो! मी डोळ्यांनी खुणा करत होते. पण माने बाईंना नुसतं जिंकून चालायचं नाही, पटवूनही द्यायचं असायचं.

"मोठ्या माणसाचं बघायचंय? सुमनताई, हिकडं या."

मी भिंतीत शिरायला जागा शोधत होते. त्यांनी मला ओढून पुढं आणलं, पदर बाजूला केला आणि माझी बाही सगळ्या सभेला दाखवली. "ही शिवण बघा. हितं माया सोडलीया. ह्यांचा दंड वाढलाय, ह्याच लोखंडानं. पोरींचा वाढत न्हाय, मोठ्यांचा वाढतोय. आता तरी पटलं?"

आबांना पटलं. खुर्चीतून पुढं झुकून त्यांनी माझा दंड न्याहाळला, जत्रेत बैल बघतात तसा. "व्वा! आता दिसलं बगा. चालू द्या खोली."

आणि भिंतीकडून पारूच्या आईचा आवाज आला. "आगं बया! शिवनाच्या बाईंचं आसं झालं? मंग आमच्या पोरी मोठ्या झाल्या म्हंजी त्यांचं काय हुईल?"

संपलं. ज्या पुराव्यानं आबा वळले त्याच पुराव्यानं आया उठल्या. माने बाई मागून ओरडत होत्या, "आवो, इतकं न्हाय वाढत, ऐका तरी!" पण एकीनं दुसरीला धरून सगळ्या बाहेर. दुसऱ्या दिवशी दहा मुलींच्या जागी पारू एकटी आली. घरी सांगून आली होती, शिवणाला थांबते. मी अर्थात त्यात सामील होते. तिला एक फाटका रुमाल देऊन ठेवला होता, महिनाभर तोच ती 'शिवत' होती.

एका मुलीसाठी खोली कोण ठेवणार? हेडसर तरी किती दिवस गप्प बसणार? मी डोकं चालवलं. त्या वयात मला आपलं डोकं चालतं असा भ्रम होता. माने बाईंना गाठून म्हटलं, "एक युक्ती सांगू? दांडा बाजूला ठेवा. घागरी आणा, वाळू भरा. पाट्या आणा. आया तक्रार करणार नाहीत. मुलगी घागर उचलते म्हटल्यावर उलट खूश होतील. वजन ते वजनच ना?"

मला वाटलं, त्या मला मिठी मारतील. त्या खाली बसल्या, दांड्याजवळ, जमिनीवर. आणि इतक्या हळू बोलल्या की मला वाकून ऐकावं लागलं.

"घागर ह्या उचलणारच हाईत, सुमनताई. भारा उचलणार, मोळी उचलणार, पोरं उचलणार. त्याला मी कशाला पाहिजे? मला ह्यांनी एकदा असं काहीतरी उचलायला पाहिजे की ज्यानं कुणाच्या घरात पाणी आलं न्हाय, कुणाच्या जनावराला वैरण पडली न्हाय. उचललं, ठेवलं, झालं. त्यातनं जे मिळालं ते हिचं. हिच्या एकटीचं."

मग परत आवाज चढला. "आणि तुमी म्हणता घागर!"

मला तेव्हा राग आला होता. एवढी चांगली वाट दाखवली तर बाई तत्त्व घेऊन बसते! मुली घागरीनं तरी आल्या असत्या की. खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून तो राग येतो. इंचभर वाकली असती तर. आणि मग वाटतं, ती वाकली असती तर आज मी लिहिलं कुणावर असतं?

खोली उन्हाळ्याच्या सुट्टीत गेली. शाळेला कॉम्प्युटर मिळाला. एकच. त्याच्यासाठी धूळ नसलेली, चुना दिलेली खोली हवी होती आणि तशी शाळेत एकच होती. फरशी बसवली, पडदा लावला, बाहेर पाटी लागली की चपला काढून आत यावे. कॉम्प्युटरला गुलाबी झालरीचं कापड शिवायला मला सांगण्यात आलं, आणि मी शिवलं, झालरसुद्धा छान आली. तो चालवायला कुणाला येत नव्हता, त्यामुळे त्याच्यावरची माझी झालरच सगळ्यांना दिसायची. लोखंड मागच्या भिंतीला उघड्यावर टाकलं. माने बाई येता-जाता त्याच्यावर मशिनचं तेल चोळायच्या. तेल माझंच, शिवणयंत्राचं. हेडसरांशी त्या इतक्यांदा भांडल्या की जूनमध्ये त्यांची बदली पार बारामतीपलीकडं कोऱ्हाळ्याला झाली.

त्या दिवशी फाट्यावर मी त्यांना पोचवायला गेले होते. आश्चर्य म्हणजे पाच-सहा आयाही आल्या होत्या. माणूस म्हणून त्यांना बाई आवडायच्या, फक्त त्यांचं ऐकायचं नव्हतं. पारूच्या आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. पारू तिच्याबरोबर.

बारामतीची गाडी आली. कंडक्टर लोखंड बघून दारातच आडवा झाला. "बाई, ही पहार आत येनार न्हाय. टपावर टाका, नायतर ठेवा हितंच."

हमाल कुठला फाट्यावर? माने बाईंनी साडी खोचली, दांडा खांद्यावर घेतला आणि गाडीमागची शिडी चढून टपावर गेल्या. पन्नाशी उलटलेली बाई! गाडीतली माणसं खिडक्यांतून माना काढून बघत होती. वरून त्यांनी हाक मारली, "पारू, चकत्या दे."

पारू एकेक चकती जमिनीवरून उचलत होती आणि शिडीच्या दोन पायऱ्या चढून वर देत होती. वाकताना पाठ सरळ, उचलताना हळू. फाट्यावरचा चहावाला म्हणाला, "पोरगी कामाची हाय की!"

पारूच्या आईचा चेहरा फुलला. "माझी हाय. भाऱ्याला कुनाचा हात लागत न्हाय तिला. घरातलं समदं जड तीच उचलती."

टपावर माने बाई थबकल्या. शेवटची चकती पारूच्या हातात होती, त्यांनी ती घेतली नाही.

"खाली ठेव ती."

"का, बाई?"

"ठेव. आता परत उचल."

"वर देऊ?"

"देऊ नको. नुसती उचल."

पारूनं आईकडे पाहिलं. मग वाकली, चकती दोन्ही हातांनी उचलली, डोक्यावर नेली आणि तशीच धरून उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "आवो बाई, द्यायची हाय का न्हाय? टाइम झाला."

"कोपर," माने बाई वरून म्हणाल्या. पारूनं कोपर सरळ केलं.

पारूच्या आईनं मला ढोसलं. "आता हे कशापायी उचलतीया?"

मी तिला हातानंच थांब म्हणून खुणावलं.

"ठेव," बाई म्हणाल्या. पारूनं ठेवली, धुळीत, आवाज न करता. मग माने बाई शिडीवरून उतरल्या, माझ्याकडे नुसतं बघितलं आणि गाडीत जाऊन बसल्या. कंडक्टरनं घंटी मारली. तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं आणि तो ओरडला, "बाई, एक ऱ्हायलं की खाली!"

"ऱ्हाऊ दे!"

पारूची आई चकतीकडे बघत म्हणाली, "आता ह्याचं आमी काय करायचं?"

गाडी हलली होती. माने बाईंनी ते ऐकलं असावं, कारण त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि भयंकर चिडून काहीतरी ओरडल्या. इंजिनच्या आवाजात मला शब्द कळले नाहीत. हात मात्र दिसत राहिला, गाडी उसाच्या आड जाईपर्यंत. खिडकीबाहेर काढलेला, तळवा वर, खालून वर, परत खालून वर.